सहा फुटांवरून स्पष्ट दिसणारी सूचना

गुंतवणूक कंपनीच्या मुख्य शाखेत नियमाप्रमाणे जोखमीची सूचना लावलेली होती आणि लोक ती वाचत होते. अडचण गंभीर होती. लाल अक्षरांतला तो फलक वाचून रोज पाच-सहा माणसं "बघू, घरी विचारून सांगतो" म्हणत दारातूनच परत फिरायची. फलक काढावा तर नियम आडवा येतो, ठेवावा तर धंदा बसतो. तीन बैठका झाल्या, एक उपसमिती नेमली गेली, तिनं चहा घेतला आणि तिला शोध लागला की सूचना 'ठळक' असावी एवढंच नियमात आहे. ती अक्षरांतच असावी असं कुठंही म्हटलेलं नाही.

म्हणून फलकाच्या जागी चित्रं आली. काही शतकांपूर्वी युरोपात, शेअर नावाचं खूळ नवंनवं असताना टवाळ चित्रकारांनी पत्र्यावर कोरून छापलेल्या बारा चित्रांच्या प्रती. एकात ढेरपोट्या दलाल पोत्यात वारा भरून विकतोय आणि सरदारापासून न्हाव्यापर्यंत सगळे रांगेत उभे. एकात बूड नसलेलं जहाज आणि त्यात बसायला ही मारामारी! सातव्यात एक गृहस्थ रिकामी पेटी मांडीवर घेऊन धाय मोकलून रडतोय.

चौकटींचं काम तसबिरी मढवणाऱ्या काटकोनांना मिळालं. अख्खी गल्ली त्यांना काटकोनच म्हणायची, कारण चौकटीचा कोपरा केसभर चुकला तरी त्यांना जेवण जात नसे. चार दिवस ते शाखेत शिडीवर होते. शाखाधिकाऱ्यांनी हमीपत्र मागितलं तेव्हा त्यांनी वळणदार अक्षरात लिहून दिलं : 'काच चमक न मारणारी आहे. प्रत्येक चित्र सहा फुटांवरून स्पष्ट दिसते.' खाली सही, दुकानाचा शिक्का.

आता दुकान त्यांचं म्हणायचं ते सवयीनं. होतं भाड्याचंच. तीस वर्षांनी मालकानं ते विकायला काढलं होतं आणि "आधी तुम्हाला विचारतोय, तीन महिने थांबतो," असं सांगितलं होतं. काटकोनांपाशी किमतीच्या दोन तृतीयांश रक्कम होती. उरलेली कुठून आणायची, या घोरानं त्यांची झोप उडाली होती. आणि इथं शिडीवरून त्यांना रोज दिसत होतं की लोक रांगेनं येताहेत, चित्रं बघून पोट धरून हसताहेत आणि सह्या करून जाताहेत.

"साहेब, या योजनेत तीन महिन्यांत पैसे खरंच दीडपट होतात?" त्यांनी शिडीवरूनच विचारलं.

"काटकोन, आम्ही कधी कुणाला आग्रह करतो का?" शाखाधिकारी म्हणाले आणि अर्ज वर सरकवला.

घरी बायको म्हणाली, "अहो, तो पोत्यात वारा विकणारा तुम्हीच सांगितलात ना मला?"

"अगं, तो जुना काळ! तेव्हाचे लोक भोळसट. आणि मला सांग, लबाड माणूस स्वतःच्या भिंतीवर लबाडीची चित्रं लावेल का? तीही सोनेरी पट्टीत?"

"मला काही ते पटत नाही."

"तुला चौकटीतलं काय कळतं!" काटकोन म्हणाले आणि पासबुक घेऊन निघाले.

दहाव्या आठवड्यात कंपनीची ती योजना बुडाली. कंपनी बुडाली नाही, योजना तेवढी बुडाली. काटकोनांच्या तोंडचं पाणी पळालं. तक्रार निवारण कक्षात त्यांचा नंबर आला.

"तुमचं प्रकरण अगदी सोपं आहे," तक्रार अधिकारी आपुलकीनं म्हणाले. "बाकीच्यांना सूचना सहा फुटांवरून मिळाली. तुम्हाला ती नऊ इंचांवरून, सलग चार दिवस. इतका सावध केलेला ग्राहक आमच्या इतिहासात नाही. तुमच्याच बिलात आहे बघा, 'चित्र क्रमांक सात, रडणाऱ्या गृहस्थाच्या डोक्यावर दोन इंच जागा सोडली.' म्हणजे गृहस्थ रडतोय हे तुमच्या लक्षात आलं होतं."

"साहेब, मी फक्त माप घेत होतो हो!"

"शिवाय कॅमेऱ्यात तुम्ही हसताना दिसता. नियमानुसार हसणं ही पोच समजली जाते. अर्थ कळल्याशिवाय कुणी हसत नाही."

काटकोनांचा अर्ज निकाली निघाला. त्यापाठोपाठ बाकीच्या चारशे जणांचेही निघाले, कारण प्रत्येकाच्या उत्तराला एकच कागद जोडला होता : काटकोनांचं हमीपत्र. संध्याकाळी निम्मे लोक दुकानासमोर जमले.

"एवढी स्वच्छ काच बसवायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" एक निवृत्त मास्तर ओरडले. "जरा धूसर बसवली असती तर आमची केस उभी राहिली असती!"

तीस वर्षांत कामात खोट काढणारं गिऱ्हाईक काटकोनांना पहिल्यांदाच भेटलं. ते आत जाऊन करवतीपाशी बसले आणि लहान मुलासारखे रडले. बायकोनं दार लावून घेतलं.

मुदत संपली आणि मालकानं दुकान विकलं. कंपनीनंच घेतलं, नव्या शाखेसाठी. चौकटींचं काम अर्थातच काटकोनांना मिळालं. भाव पाडून का होईना, पण घर चालवायला दुसरं होतं काय? या खेपेला कंपनीनं एक ताजं चित्र काढून घेतलं होतं : बंद दुकानासमोर चिडलेला घोळका आणि दारात हातात करवत घेऊन उभा असलेला एक म्हातारा.

काटकोन ते भिंतीवर सरळ करत होते तेवढ्यात पहिला ग्राहक आला. चित्र बघून खो खो हसला.

"अहो, हसू नका," काटकोन कळवळून म्हणाले. "तो मीच आहे. माझं सगळं गेलं यात. पाया पडतो, सही करू नका."

ग्राहकानं त्यांच्याकडे बघितलं, चित्राकडे बघितलं आणि आणखीच जोरात हसला. "काय हुबेहूब काढलंय हो!" म्हणाला. "बरं, सही कुठं करायची?"

कारकुनानं जागा दाखवली आणि 'सूचना समजली' या रकान्यात खूण केली.

तुम्हालाही मघाशी एक-दोनदा हसू आलंच असेल. हरकत नाही. पोच मिळाली.