डब्याची पूजा आणि डिस्क नंबर दोन

यंदाच्या दसऱ्याला मी ठरवलं, की घरातल्या सर्व्हरची पूजा वरवर उरकायची नाही. एवढाच निर्णय. पण सर्व्हर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जे काही मोठं, थंड आणि काचेआडचं उभं राहिलं असेल ते आधी काढून टाका. आमचा सर्व्हर म्हणजे दोन वीत उंचीचा काळा डबा. अमरावतीतल्या ज्या कॉलेजात मी परीक्षा विभागात कारकून आहे, तिथे तो भंगारात निघाला होता. मी तो घरी आणला, कारण ऑफिसात कॉम्प्युटरमधलं कळणारा माणूस मीच. (प्रिंटरमध्ये अडकलेला कागद एकदा मी न फाडता बाहेर काढला होता. तेव्हापासून.)

डब्यात चार डिस्का. माहिती चौघींत वाटलेली, आणि प्रत्येकीकडे बाकीच्यांच्या कामाचीही थोडी नोंद. आमच्या परीक्षा विभागातही चार कारकून आहेत. एक रजेवर गेला तर उरलेले तिघे कुरकुरत का होईना, निकाल लावतात. दोघे एकदम गेले की निकाल लागत नाही. डब्याचंही तसंच. माझ्या बायकोला, साधनाला, मी हे सगळं उत्साहानं समजावून सांगितलं.

"म्हणजे फोटो कदीच जाणार नाई?" तिनं विचारलं.

"एक डिस्क मेली तरी नाई."

"अन् दोन मेल्या तं?"

"दोन कशाले मरतीन?" मी म्हणालो. त्या भरात घरातल्या सगळ्या मोबाईलमधले फोटो आणि व्हिडिओ डब्यात भरले आणि मोबाईलमधून पुसून टाकले. घरचा सर्व्हर असताना मोबाईलमध्ये जागा कशाला अडवायची, हे माझं तेव्हाचं आवडतं वाक्य होतं.

त्या डब्यात माझ्या सासऱ्यांचा दोन मिनिटांचा एक व्हिडिओ होता. केशवराव बाळापूरला झेंडू आणि शेवंती लावतात. म्हणजे लावायचे. मार्चमध्ये त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. उपचारासाठी आम्ही त्यांना अमरावतीला आणलं. सासूबाई तिकडेच राहिल्या, कारण "झेंडू कोन पाहीन?" सासऱ्यांना सगळं कळायचं, पण तोंडातून 'अं अं' पलीकडे काही निघत नव्हतं. मोबाईल समोर धरला की तोंड फिरवणारा माणूस तो, त्यामुळे त्यांचा आवाज जगात तेवढ्या दोन मिनिटांत होता. त्यातही ते सबंध वेळ माझ्यावर ओरडत होते. कशाबद्दल, ते ओघानं येईलच.

तर दसरा. बाळापूरला दरवर्षी सासरे फवारणीचा पंप पूर्ण खोलायचे. नळी, टाकी, वायसर, सगळं पुसून पाटावर मांडायचे आणि मगच हळदकुंकू लावायचे. यंदा ते हॉलमधल्या खुर्चीत बसून होते, आणि पाटावर मांडावं असं काही नव्हतं. मला वाईट वाटलं. मी डबा बंद केला, चारही डिस्का ओढून काढल्या, फडक्यानं पुसल्या आणि ओळीनं पाटावर मांडल्या. त्यांचा चेहरा उजळला. मी चौघींना हळदकुंकू लावलं, मोकळ्या डब्यालाही लावलं, आणि कुंकवानं लाल केलेल्या अक्षता मूठभर घेऊन उधळल्या. (लग्नात आपण नवरानवरीवर टाकतो तशा. लांबून आणि जोरात.)

सासरे एकदम डाव्या हाताचं बोट डब्याकडे करून "अं! अं!" करायला लागले. त्यांचा आशीर्वाद आहे हे ओळखून मी लगेच वाकून नमस्कार केला. ते आणखी जोरात "अं! अं!" करू लागले. मी पुन्हा वाकलो.

"बाबा खूश झाले," मी साधनाला म्हणालो.

डिस्का आत सरकवल्या, डब्याला झेंडूचा भरगच्च हार घातला आणि बटन दाबलं. डबा कूं कूं करून ओरडायला लागला. सणाच्या दिवशी कटकट नको म्हणून मी त्याचा आवाज बंद करण्याचं बटन शोधलं. ते सापडलं, आणि दुरुस्ती झाली असं मी मनाशी धरून चाललो. फोटो दिसत होते, मग अडचण काय?

पुढचे आठ दिवस सासरे रोज त्या डब्याकडे बोट दाखवायचे. पहिल्या दिवशी मी त्यांना हारातलं फूल काढून दिलं. दुसऱ्या दिवशी टीव्ही लावला. तिसऱ्या दिवशी डबा पुसला. चौथ्या दिवशी त्यांनी डोळे मिटून मान भिंतीला टेकवली, ती मला समाधानाची वाटली.

नवव्या दिवशी साधना दवाखान्यातून आली ती घाईतच. बोलणं शिकवणाऱ्या डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, की सासऱ्यांचा स्वतःचा जुना आवाज असेल तर उद्या आणा, त्यांना ऐकवून पाहू.

"तो बाबाचा निंदनाचा व्हिडिओ काढून द्या मले," ती म्हणाली. (निंदन म्हणजे पिकातलं तण काढणं.)

द्यायचा होता, बस. पण डबा उघडून पाहतो तर कॉम्प्युटरवर लाल अक्षरांत सूचना: डिस्क दोन निकामी. माझ्यातला तज्ज्ञ जागा झाला. "पाच मिनटं थांब," मी म्हणालो, "आधी हे नीट करतो." हाराआड डिस्कांचे दिवे दिसत नव्हते, पण मला दिव्यांची गरज काय? डावीकडून मोजलं. एक, दोन. दुसरी डिस्क धरली आणि चालू डब्यातून ओढून काढली.

स्क्रीनवरचे सगळे फोटो गेले. फोल्डरही गेले. एक पांढरी खिडकी तेवढी राहिली.

"काय झालं?"

"काई नाई. डब्बा इच्चार करून राहिला."

"किती येळ करीन?"

मी उगाचच माउस हलवला. तिनं माझ्या हातातली डिस्क पाहिली, मग पांढरी खिडकी पाहिली. तिनं ओरडावं असं मला फार वाटत होतं, पण ती खाली बसली.

"मले बाबाचा आवाज आता आठवाच लागते," ती म्हणाली. "सकायी आठवते. संध्याकायी आठवाले गेली का आठवत नाई."

सात महिन्यांत हे ती पहिल्यांदा बोलली होती. माझ्या हातात ती डिस्क अजून गरम होती, आणि मला माझी भयंकर लाज वाटली. (ही लाज विनोदासाठी लिहिलेली नाही.)

कॉलेजचे कॉम्प्युटर सांभाळायला वर्षाली नावाची मुलगी येते. इंजिनिअर आहे, कमी बोलते. मी तिला फोन केला.

"सर, आता कशालेच हात लावू नका," ती म्हणाली. "नवीन डिस्क टाकू नका, फॉरमॅट म्हनलं तं हो म्हनू नका. मी येऊन राहिली."

ती अर्ध्या तासात आली. आधी तिनं डब्यावरचा वाळका हार काढून बाजूला ठेवला. तिसऱ्या डिस्कचा दिवा केशरी जळत होता.

"हार काढला असता तं दिवा दिसला असता, सर."

"पन सूचना तं दोन नंबरची होती!"

"डब्बा शून्यापासून मोजते. शून्य, एक, दोन. तुमी एक नंबरची काढली. चांगली होती ते."

म्हणजे आजारी होती ती जागेवर, आणि धडधाकट माझ्या हातात. परीक्षा विभागात एक कारकून रजेवर होता आणि मी दुसऱ्याला कॉलर धरून बाहेर काढलं होतं. मी साधनाकडे बघायचं टाळलं.

वर्षालीनं डबा बंद केला, मी काढलेली डिस्क तिच्याच जागी घातली आणि कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप करत बसली. एकदा ती "हं" म्हणाली. एकदा काहीच म्हणाली नाही, ते जास्त वाईट होतं. साधना दाराच्या चौकटीला धरून उभी होती. पाऊण तासानं पांढऱ्या खिडकीत एकेक फोल्डर उगवायला लागलं.

"आधी कॉपी," वर्षाली म्हणाली. तिनं सगळं दुसरीकडे उतरवून घेतलं आणि मगच केशरी दिव्याची डिस्क बाहेर काढली. ती उलटीपालटी करून पाहिली, मग मोबाईलची बॅटरी लावून मोकळ्या खणात डोकावली. पर्समधून चिमटा काढला, आत घातला आणि बाहेर काढून माझ्या तळहातावर काहीतरी ठेवलं.

तांदळाचा दाणा होता. लाल.

"ही डिस्क खराब झालीच नाई, सर. मांगं हा दाना अडकला, म्हनून पूर्न बसली नाई. इथं तांदूय कसा गेला?"

मी तोंड उघडणार एवढ्यात खुर्चीतून आवाज आला. "अं! अं!" सासऱ्यांचं बोट माझ्या तळहातावरच्या दाण्याकडे होतं, आणि चेहऱ्यावर नऊ दिवसांचा संताप. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी दाणा आत जाताना पाहिला होता. दसऱ्याच्या दिवसापासून ते मला सांगत होते. आणि मी नमस्कार करत होतो, फुलं देत होतो, टीव्ही लावून देत होतो.

साधनाच्याही ते लक्षात आलं. ती जाऊन त्यांच्या खुर्चीजवळ बसली आणि त्यांचा डावा हात हातात घेतला. "तुमाले मालूम होतं, बाबा?" त्यांनी मान हलवली. आम्ही सात महिने त्यांच्याशी मोठ्यानं आणि सावकाश बोलत होतो, जसं काही कमी ऐकू येतं ते त्यांनाच. मी खरं तर तिथेच त्यांची माफी मागायला हवी होती. पण त्यांच्यासमोर वाकायची मला आता सोय राहिली नव्हती.

उद्याची वाट न पाहता साधनानं व्हिडिओ लावला. गेल्या वर्षीच्या श्रावणातलं बाळापूरचं वावर. झेंडूची रोपं, त्यांत उभा मी, हातात खुरपं, चेहऱ्यावर मदत केल्याचा अभिमान. आणि मग तो आवाज, खणखणीत.

"अवो जवाईबुवा! हे काय करून राहिले तुमी? तन तं जसंच्या तसं उभं हाये, अन् झेंडू उपटून धुऱ्यावर टाकला! चांगलं थे उपटता अन् खराब थे ठेवता? बैताड झाले का तुमी?"

वर्षालीनं एकदा स्क्रीनकडे पाहिलं, एकदा मी उपटलेल्या डिस्ककडे, आणि ती पर्स आवरायला लागली. तिचे खांदे हलत होते.

साधनानं व्हिडिओ पुन्हा लावला. तिसऱ्या वेळी सासरे पुढे झुकले. स्वतःच्याच आवाजाकडे टक लावून बघत त्यांचे ओठ हलू लागले. आधी नुसता वारा आला. मग कपाळावरची शीर तट्ट फुगली, डावं बोट सावकाश उठलं, स्क्रीनवरून सरकत सरकत माझ्यावर येऊन थांबलं, आणि ते म्हणाले, "बै... ताड."

साधना रडली. मीही रडलो. जावयाला 'मूर्ख' अशी शिवी बसल्याचा एवढा आनंद वऱ्हाडात आजवर कुणाला झाला नसेल. बाळापूरला फोन लावला तर सासूबाईंनी तो शब्द दोनदा म्हणवून घेतला आणि म्हणाल्या, "बरं झालं बाई, मानूस ओयखू येते त्याईले."

या गोष्टीला आता दोन महिने झाले. व्हिडिओच्या सात कॉप्या आहेत, सातही मीच काढल्या आहेत. डॉक्टरबाईंच्या सांगण्यावरून सकाळ-संध्याकाळ मी सासऱ्यांसमोर बसतो आणि सराव चालतो. प्रगती चांगली आहे. पाणी दाखवलं की ते "पानी" म्हणतात, झेंडूचं फूल दाखवलं की "झेंडू". मागच्या मंगळवारी त्यांनी "साधना" म्हटलं, तेव्हा ती स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही. माझ्याकडे बोट केलं की मात्र अजून तोच पहिला शब्द येतो. मी डॉक्टरबाईंना काळजीनं विचारलं, की एवढी एकच चूक का राहून जाते?

त्यांनी वहीत पाहिलं. "चूक एकही नाही," त्या म्हणाल्या, "सगळ्या वस्तूंची नावं ते अगदी बरोबर सांगताहेत."