बिराजदार सरांची अनामत

आधीच माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकणार, आणि अक्षर असं आहे की किराणा दुकानदार माझी यादी मलाच वाचायला लावतो. ही वही मी कुणाला दाखवणार नाही. पण चुकून कुणी वाचलीच, तर बिराजदार सर कोण हे कळावं म्हणून नीट सांगते.

सर दाराची साखळी काढत नाहीत. दार चार बोटं उघडतात, त्या फटीतून एक डोळा आणि कपाळावरच्या भस्माची अर्धी रेघ दिसते, आणि आतून प्रश्न येतो, "गरज हाय का इच्छा हाय?"

अहमदपूरला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. सरांनी हायस्कुलात आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. मुलगा पुण्याला. बायको महादेवीताई वारल्या त्याला तीन वर्षं झाली. ताई असताना गल्लीतल्या कुणालाही शिडी, छत्री, मोठी कढई, काय लागेल ते त्यांच्या घरून मिळायचं. ताई गेल्यावर सरांनी देणं बंद केलं नाही, पण नियम लावले.

नियम असे. ज्याला वस्तू पाहिजे त्याने दारात उभं राहून इंग्रजीतून तीन वाक्यं बोलायची. मग रजिस्टरात सही. मग अनामत. छत्रीला वीस रुपये, शिडीला शंभर. वस्तू परत आली की अनामत पूर्ण परत, पण तपासणी करून. शिडीच्या पायऱ्या मोजायचे. "नऊ गेल्या होत्या, नऊ आल्या." छत्री उघडून काड्या मोजायचे आणि कापड हुंगायचे. कशासाठी हुंगायचे, देव जाणे.

मी लाजरी. कुणाला चिमूटभर मीठ मागायचं तर मी अळणी खाईन. पण पत्र्यावरचा दगड सरकून पत्रा वाजायला लागला, आणि आमचे हे लातूरला दाळमिलमध्ये कामाला, आठवड्यातून एकदा येणार. गेले शिडी मागायला.

"इच्छा असंल तर जा. गरज असंल तर थांबा," आतून आवाज आला.

"गरज हाय सर."

"मग ऐका. इंग्रजीत गरज सांगायचे तीन रस्ते. पहिला, नीड. हे क्रियापद. आय नीड अ लॅडर. म्हणजे तुम्ही सरळ सांगितलं. दुसरा, नेसेसरी. हे विशेषण. इट इज नेसेसरी फॉर मी. हितं गरज आधी येती, माणूस फॉरच्या मागं उभा ऱ्हातो, तुमच्यावाणी लाजणाऱ्याला बरं. तिसरा, इन नीड ऑफ. ह्यात माणूस गरजेच्या आत बसलेला असतो. म्हणा."

गल्ली ऐकत होती. मी पदर तोंडाशी धरून तिन्ही म्हटली. माझे कान भाजत होते. पण शिडी मिळाली.

समोरच्या शोभाकाकूंना तीन वाक्यांचा लई राग. त्यांनी माझ्याकडून ती पाठ करून घेतली, सलग, श्वास न घेता. नातीच्या बारशाला त्यांना मोठी कढई पाहिजे होती. गेल्या आणि धडाधडा म्हणून मोकळ्या झाल्या. मी त्यांना शिडीची वाक्यं शिकवली होती. सरांनी शांतपणे शिडी आणून दिली, शंभर रुपये घेतले, आणि काकू चूक कबूल करायची नाही म्हणून शिडी खांद्यावर टाकून घरी आल्या. बारशाला दिवसभर शिडी अंगणात उभी. पाहुणे विचारत होते, ही कशाला?

त्यानंतर काकूंनी गल्लीत उठवलं की रजिस्टर सरळ नाही. "इतक्या सह्या कशाला पाहिजेत माणसाला? वीज चोरतात म्हणून वीजवाल्यांना नावं देत आसंल. न्हाईतर जागेच्या कागदावर आपल्या सह्या चिकटवायचा." मला ते खोटं वाटलं, आणि खरंही वाटलं. इतका संशयी माणूस फुकट वस्तू देतोच कशाला?

मे महिन्यात मेन रोडच्या कापड दुकानातून मला शाळेच्या गणवेशाचं काम मिळालं. चाळीस फ्रॉक, शाळा उघडायच्या आत. माझ्याकडे मशीन नव्हती, शिवणकाम मात्र येत होतं. मशीन होती सरांकडे. महादेवीताईंची, पायाची, फुलाफुलांच्या चादरीखाली झाकलेली. तीन वर्षांत ती कुणी मागितली नव्हती.

मी दारात जाऊन ती मागितली. फटीतून प्रश्न आला,

"मस्ट का हॅव टू?"

"ते काय सर?"

"मस्ट म्हणजे आतून रेटा. हॅव टू म्हणजे भायेरून रेटा. दुकानदार म्हणतो म्हणून शिवायचं का तुम्हाला स्वतःला शिवायचं?"

"दोन्ही," मी म्हणाले. एवढं मोठ्याने मी आयुष्यात बोलले नव्हते.

साखळी निघाली. अनामत सांगितली दोन हजार. डब्यातले, उशीतले, ह्यांच्याकडून मागून घेतलेले, असे जमवून दिले. दोन पन्नासच्या नोटांना हळदीचे डाग होते. "गेले पैसे," शोभाकाकू म्हणाल्या. "आता बस बोंबलत." माझ्याही मनात तेच होतं. ते दोन हजार म्हणजे घरात होतं नव्हतं ते सगळं.

चाळीस फ्रॉक वेळेत झाले. त्यावर बाहेरचं काम मिळू लागलं, ब्लाऊज, परकर. मशीन माझ्याकडेच राहिली. आणि सर दर रविवारी तपासणीला येऊ लागले.

"तपासणी नेसेसरी हाय," म्हणायचे आणि पाटावर बसायचे. सुया मोजायचे. तेलाची कुपी उजेडात धरून बघायचे. मग म्हणायचे, "चालवा." मी चालवायची. सर डोळे मिटून बसायचे, तास तास. चहा दिला तर आधी विचारायचे, "ह्याच्या बदल्यात काय पाहिजे?" काही नको म्हटलं की आणखी संशयाने प्यायचे. मला वाटे, आवाजात खोट शोधून हे माझी अनामत कापणार. म्हणून मी रविवारी मशीन अगदी हळू, जपून चालवायची.

"जोरात," सर म्हणायचे. "ती अशी हळू चालवत नव्हती."

दिवाळीपर्यंत मी उदगीरहून जुनी मशीन विकत घेतली. सरांची मशीन पुसून, तेल घालून त्यांच्या घरी पोचवली. "अनामत, सर," मी हळूच म्हणाले.

"तपासणी व्हायची हाय. पुढच्या रविवारी."

पुढच्या रविवारी सर म्हणाले, चाकाचा आवाज वेगळा येतो. त्याच्या पुढच्या रविवारी म्हणाले, पट्टा सैल वाटतो. तिसऱ्या रविवारी दारच उघडलं नाही. शोभाकाकूंना तर आनंदच झाला. "मी सांगितलं होतं का न्हाई? दोन हजारांत तीन वाक्यं शिकलीस. महाग पडली बाई."

चौथ्या रविवारी मी रागाने गेले. लाजरी बाई रागावली की तिलाच भीती वाटते, तसं झालं. साखळी घालायची राहिली होती बहुतेक, कारण दार ढकलताच उघडलं. सर मशीनसमोर स्टुलावर बसले होते. दोरा नव्हता, कापड नव्हतं. पायाने पायटा हलवायला बघत होते. पण शिवणारीचा पाय नसला की चाक उलटं फिरतं. दोनदा खडखडून थांबायचं. पुन्हा हलवायचे. पुन्हा थांबायचं.

मला त्यांनी पाहिलं नाही. मी तशीच मागे आले आणि पैसे मागितले नाहीत. शोभाकाकूंना सांगितलं, सर घरी नाहीत.

तीन दिवसांनी सकाळी आमच्या दारात हातगाडी उभी. वर फुलाफुलांच्या चादरीत मशीन. बाजूला सर, स्वच्छ धोतर, भस्म ताजं. गल्ली दारादारांत उभी राहिली.

"सुमनबाई, ही मशीन तुमच्याकडं ठिवा."

माझी मशीन आत होती, सरांना माहीत होतं. मी दार थोडंसं लोटून घेतलं, चार बोटं फट उरली, आणि फटीतून विचारलं, "गरज हाय का इच्छा हाय?"

काकू हसायला लागल्या आणि मधेच थांबल्या. सर खाली बघत होते.

"गरज," ते म्हणाले.

"कुणाची?"

"माझी." मग चादरीवर हात ठेवून, "ही चालली की भिंतीतून ऐकू येतं. दुपारी. मग रविवारीच यायला पायजे असं न्हाई."

इंग्रजीची वाक्यं मी मागितली नाहीत. दार पूर्ण उघडलं. हातगाडीवाल्याच्या मदतीने मशीन मधल्या भिंतीला लावून ठेवली. सरांनी कोटाच्या आतल्या खिशातून लखोटा काढला. त्यावर माझं नाव, तारीख, आणि खाली 'तपासली. बरोबर आहे.' मी लाजत लाजत तिथेच मोजले. हळदीच्या डागाच्या दोन्ही नोटा होत्या. दोन हजार, पूर्ण.