मेंढी आली कुठून?

यंत्रातून निकालाचा कागद बाहेर आला आणि संशोधक बाईंनी चष्मा पुसून तो पुन्हा वाचला. कर्करोगाच्या गाठीतलं एक प्रथिन त्यांनी पेशींच्या रसातून ओढून काढलं होतं. त्याला कोण कोण चिकटून येतं, एवढंच बघायचं होतं. पेशी माणसाच्या, आणि यादीत सगळ्यात वर मेंढीचं प्रथिन!

"मेंढी आली कुठून?" त्यांचे सर उडालेच. पण कुतूहल काही गप्प बसू देतं का? "पुन्हा करून बघा. पुन्हा आली, तर शोधच लागला म्हणायचा!"

बाई प्रयोगशाळेच्या चार अंशांच्या थंड खोलीत पाच तास बसल्या. मेंढी दुप्पट. मग आठ तास बसल्या. कळपच आला! सरांना कुठला धीर? त्यांनी समितीच्या अध्यक्षांना कळवूनही टाकलं. बाईंचं काम पुढे चालू ठेवायचं की गुंडाळायचं, ते गुरुवारी हीच समिती ठरवणार होती.

सोमवारी यंत्र चालवणाऱ्या काकांनी बाईंकडे निरखून पाहिलं.

"स्वेटर छान आहे हो. कुणी विणला?"

"सासूबाईंनी. अस्सल लोकर आहे, काका."

"तरीच!"

बाईंनी हातमोजे दिव्याखाली धरले. बारीक तंतूच तंतू. जितका वेळ थंडीत, तितकी लोकर नळीत!

मग तीन सुती सदरे चढवून, दात वाजवत, त्यांनी प्रयोग पुन्हा केला. मेंढी गायब. तिच्या गर्दीत दडलेलं एक चिमुकलं प्रथिन आता वर आलं. पेशीतली टाकाऊ प्रथिनं मोडणारी एक यंत्रणा असते, तिचाच हा एक भाग. गाठीच्या प्रथिनाने सफाईवाल्यालाच धरून ठेवलं होतं की! का बरं? बाईंना राहवेना.

गुरुवारी अध्यक्ष भलतेच खुशीत होते. माणसाच्या गाठीत मांजरीचं प्रथिन सापडतं, असं त्यांनी वीस वर्षांपूर्वी जाहीर केलं होतं आणि त्यावरच त्यांचं नाव झालं होतं. "आता मेंढीही आली! तुमचं काम मंजूरच समजा."

गप्प बसलं तर काम वाचत होतं. पण त्या खोटं कसं बोलणार? त्यांनी स्वेटरसकट सगळं सांगून टाकलं आणि सफाईवाल्या प्रथिनाचा कागद पुढे सरकवला. सरांनी कपाळावर हात मारला.

अध्यक्षांनी कागद दोनदा वाचला. मग त्यांनी मंजुरीची सही केली, बाकीचे उठेपर्यंत थांबले आणि हळूच विचारलं, "घरात मांजर असेल, तर?"

"किती मांजरं, सर?"

"तेव्हा चार होती."