कुमुद डोंगरदिवे यांचं छत

वर्ध्याच्या कुमुद डोंगरदिवे यांच्या घराचं छत त्या उन्हाळ्यात खाली येऊ लागलं.

भिंतींना तडा गेला नाही की गिलावा पडला नाही. भिंतीच आखूड होत गेल्या आणि दारं-खिडक्याही त्याच मापानं बसक्या झाल्या. आधी पंखा काढावा लागला. मग कपाट जमिनीवर आडवं करावं लागलं. कुमुदताई मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. उंच, ताठ, तरुणपणी जिल्ह्याच्या संघातून व्हॉलीबॉल खेळलेल्या. फेब्रुवारीत त्यांची आई गेली. नऊ वर्षं त्या तिचं सगळं करत होत्या. मार्चमध्ये पटसंख्येअभावी शाळाही बंद झाली. सकाळी उठून कोणासाठी काय करायचं, हा प्रश्न घरात उरला आणि एप्रिलपासून छत उतरायला लागलं. पाडव्याला त्या ताठ चालत होत्या, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मान वाकवून, आणि मे उजाडला तेव्हा कमरेत वाकून.

त्यांनी कोणाला सांगितलं नाही. दिवसभर टीव्हीवरच्या बातम्या लावून त्या गादीवर पडून असत. भूक लागली की पोहे कोरडेच खात.

शेजारच्या विमल भोयर एकदा दही मागायला आल्या आणि दारातच थबकल्या.

"काऊन जी बाई, कंबर गेली का?"

"नाही, छत आलंय."

विमलताईंनी वर पाहिलं. हात लावून पाहिला. "आमचंबी आलं होतं. भाऊ गेला त्या साली. नगरपरिषदेत सांगतलं का?"

"त्यांना काय सांगायचं?"

"सांगा लागते बाई. त्याईचा माणूस येते."

नगरपरिषदेचे अभियंता प्रफुल्ल शेंडे दुसऱ्या दिवशी आले. दारातून रांगत आत शिरले, फरशीवर मांडी घातली आणि टेपनं माप घेतलं. मग टेप गुंडाळून विचारलं, "मॅडम, सकाळी किती वाजता उठता?"

"ठरलेलं नाही."

"जेवण?"

"होतं कधीतरी."

"शेवटचं कोणाशी बोललात? दूधवाल्याशी बोलणं धरत नाही आम्ही."

कुमुदताईंनी बोटांवर दिवस मोजायला घेतले आणि मधेच सोडून दिले.

"खालून टेकू लावता येईल का?" कुमुदताईंनी विचारलं.

"पूर्वी लावायचो. टेकू दिला की छत थांबतं, पण माणूस खचतो. आता बंद केलंय ते." शेंडे म्हणाले. "नियम साधा आहे. छत स्वयंपाकाच्या ओट्याला टेकलं की घराला सील लागतं. मग नातेवाइकांकडे राहावं लागतं. आहेत ना कोणी?"

अमरावतीला चुलतभाऊ होता. घर मोठं होतं, माणसं भली होती. पण तिथे त्या पाहुण्या म्हणून जाणार आणि पाहुण्या म्हणूनच म्हाताऱ्या होणार, हे त्यांना स्वच्छ दिसलं. या घराचे हप्ते त्यांनी एकटीनं फेडले होते. आई याच खोलीत गेली होती. त्यांनी ओट्याकडे पाहिलं. छत आणि ओटा यांच्यात आता कुकर जेमतेम मावत होता.

"मी काय करू?" त्यांनी विचारलं.

"ते ज्याचं त्याला सापडतं," शेंडे म्हणाले आणि रांगत बाहेर गेले.

कुमुदताई मुळात मैदानावरच्या. सामना हातातून जाऊ लागला की जोर लावायचा, एवढं त्यांना ठाऊक. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून त्यांनी बसल्या बसल्या व्यायाम केला, घर पुसलं, पुरणपोळ्या केल्या, सात मैत्रिणींना फोन लावले, प्राणायाम केला आणि संध्याकाळी स्टेशनपर्यंत तरातरा चालून आल्या. रात्री अंग मोडून आलं. सकाळी डोळे उघडले तर छत आणखी वीतभर खाली, आणि कुकर दबून वाकडा झालेला.

त्यांनी घाबरून नगरपरिषदेत फोन केला.

"एकदम जोर लावला का?" शेंड्यांनी विचारलं.

"हो."

"नका लावू. छत बिचकतं. थोडंथोडं करा."

त्या दिवशी कुमुदताईंनी फक्त आंघोळ केली आणि टीव्ही बंद केला. बाकी काही झेपलं नाही. छत जिथल्या तिथे राहिलं. दुसऱ्या दिवशी आंघोळ केली, वेणी घातली आणि गल्लीच्या टोकाच्या कडुनिंबापर्यंत जाऊन आल्या. बाहेर ताठ उभं राहता येत होतं, त्यामुळे तिथे जरा जास्तच थांबल्या. बातम्या त्यांनी संध्याकाळच्या एका वेळेवर आणल्या. जगाचं त्यामुळे काही अडलं नाही.

तरी छत वर जाईना. खाली येत नव्हतं, इतकंच.

चारेक दिवसांनी विमलताई वाटीभर आंबील घेऊन आल्या. "पिऊन घ्या," म्हणाल्या आणि निघाल्या. कुमुदताईंनी त्यांचा हात धरला. का धरला, हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

"विमलताई, मला एकटीनं जेवायची भीती वाटते."

इतकी वर्षं शिट्टी वाजवून पोरींना पळवलेल्या बाईच्या तोंडून हे बाहेर पडलं. त्यांना वाटलं, आता विमलताई हसतील, नाहीतर समजूत घालतील.

"मंग सांगाचं ना बाप्पा," विमलताई म्हणाल्या. घरी जाऊन त्या आपलं ताट घेऊन आल्या, ताट पुढे सरकवत आत शिरल्या. दोघी माना वाकवून जेवायला बसल्या. वांग्याच्या भाजीत मीठ जास्त झालं होतं. विमलताई आपल्या जावयाची तक्रार सांगत होत्या. तेवढ्यात वर काहीतरी करकरलं आणि ताटांच्या कडेला थोडी माती पडली. दोघींच्या माना आपोआप सरळ झाल्या.

"गेलं वाटते जराक," विमलताई म्हणाल्या. "भाकर देऊ का अजून?"

त्यानंतर दुपारचं जेवण दोघींचं एकत्र ठरलं. छत कधी बोटभर चढे, कधी दोन दिवस हलत नसे. शाळेची पाटी उतरवली त्या दिवशी ते पुन्हा धाडकन खाली आलं. कुमुदताईंनी त्या दिवशी काहीच केलं नाही. पोटभर रडल्या, आमटी-भात खाल्ला आणि लवकर झोपल्या. सकाळी छत होतं तिथेच होतं आणि त्याही होत्या.

पावसाळा सरता सरता शेंडे तपासणीला आले. या वेळी चालत आले. त्यांनी माप घेतलं.

"पूर्वीइतकं नाही गेलं," कुमुदताई म्हणाल्या. त्यांचे केस छताला घासत होते, म्हणून त्या आता अंबाडा मानेवर घालत.

"पूर्वीइतकं नाही जात मॅडम. पण तुम्ही उभ्या आहात ना? आमचं काम संपलं." त्यांनी चहा घेतला, साखर कमी असल्याचं सांगितलं आणि पुढच्या घरी गेले. त्या गल्लीत अशी आणखी दोन घरं होती.

पंखा परत बसला नाही. कुमुदताईंनी टेबलफॅन आणला. कपाटही आडवंच ठेवलं. बसायला बरं पडत होतं.

दिवाळीनंतर त्यांनी शाळेच्या रिकाम्या मैदानावर गल्लीतल्या बायकांना व्हॉलीबॉल शिकवायला घेतलं. विमलताई साडी खोचून येत आणि प्रत्येक चेंडूला "अगं माय" म्हणत. कुमुदताईंना बऱ्याच दिवसांनी खदखदून हसू येई. एका संध्याकाळी त्यांनी चेंडू जरा जोरात उडवला. तो वर गेला, थप्पकन आदळला आणि ओला होऊन खाली आला.

सगळ्यांनी वर पाहिलं. आभाळ बरंच खाली उतरलं होतं.

"कोणाचं तरी असंल," विमलताई पदराला चेंडू पुसत म्हणाल्या.

"हो," कुमुदताई म्हणाल्या. "उंच मारू नका गं. आज खालून खेळू."

आणि त्या दिवशी अंधार पडेपर्यंत सगळ्या जणी खालून खेळल्या.