आढाव्यात उरलं काय

वर्षाच्या शेवटच्या दिवशी ज्येष्ठ नागरिक संघाने महिपती केदारीला भाषणाला उभं करायचं ठरवलं. विषय होता, 'सरतं वर्ष : देश आणि जग'. मळवलीजवळच्या त्या गावात पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा तो एकटाच. नोकरीत देहूरोडच्या डेपोत साहेबांचं ऐकून घेण्यात त्याचं आयुष्य गेलं, निवृत्तीनंतर घरात बायकोचं, नंदाबाईचं. आता आपलं कुणीतरी तासभर मुकाट्याने ऐकणार, या कल्पनेनेच त्याची झोप उडाली.

वर्षही तसं दांडगं होतं. सीमेवर तोफा धडाडल्या होत्या, आखाताकडच्या लढाईने तिथली विमानं उडायची थांबली होती, अमेरिकेने आपल्या मालावर जबर कर बसवला होता आणि राज्यात कोण कुणाच्या गटात याचा पत्ता लागत नव्हता. महिपतीने गोठ्यात म्हशीसमोर उभं राहून सगळं पाठ केलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

भाषणाचं कळल्यावर घरी पहिला आला लोणावळ्यात चिक्कीचं दुकान चालवणारा प्रदीप. त्याची पायल अमेरिकेत नोकरीला होती. तिचं लग्न लांबलं ते नवऱ्या मुलाच्या परीक्षेमुळे, असं त्याने गावभर सांगितलं होतं. खरं असं होतं की पोरगी लग्नाला आली तर तिला अमेरिकेत परत आत घेतील याचा भरवसा नव्हता. कामशेतचं मंगल कार्यालय त्याने गुपचूप रद्द केलं होतं.

"आबा, अमेरिकेचं तेवढं काढू नका," तो म्हणाला. "लोक लगेच माझ्याकडं बघतील."

महिपतीने अमेरिका गाळली. जग अजून मोठं होतं.

मग गोरख आला. पक्ष फुटला तेव्हा तो एका गटात गेला होता आणि त्याचा धाकटा भाऊ दुसऱ्या. दोघांच्या सामाईक अंगणात आता पत्र्याची भिंत उभी होती आणि सणाचं ताटही तिच्यावरून जात नव्हतं. गटातटाचा विषय निघाला तर भाऊ मधूनच उठून जाईल, आणि गेला तर चूक आपलीच ठरेल, असं गोरखचं म्हणणं पडलं. महिपतीने राज्यही गाळलं.

दिल्ली उरली होती, ती संघाचे अध्यक्ष श्रीपती यांनी नेली. संघाला मंडपाचे पत्रे एका पक्षाच्या पुढाऱ्याने कबूल केले होते आणि खुर्च्या दुसऱ्या पक्षाच्या पुढाऱ्याने. सरकारला बोललं तर पत्रे जाणार, विरोधकांना बोललं तर खुर्च्या. "दोघांना बी बोलू नको," ते म्हणाले, "अन् दोघांना चांगलं बी म्हणू नको."

आता उरली लढाई. ती एकटी तास भरून काढील, असा महिपतीचा हिशेब होता. पण निघायच्या वेळी नंदाबाई त्याचा इस्त्रीचा सदरा हातात धरून उंबऱ्यात उभी राहिली. त्यांचा स्वराज आखातात वेल्डर होता.

"लढाईचं न्हाई बोलायचं," ती म्हणाली. "तुमी बोलाया लागला की मला ते समदं दिसतं, अन् त्यात आपला स्वराज दिसतो."

महिपतीने सदरा घेतला. म्हशीसमोर त्याने किती देशांची नावं घेतली होती. त्यात पोराचं नाव एकदाही आलं नव्हतं.

देवळाचा सभामंडप भरला. शेजारच्या फार्महाऊसवर पाहुण्यांच्या रात्रीच्या पार्टीसाठी स्पीकरची चाचणी चालू होती. महिपती उभा राहिला.

"मंडळी," तो म्हणाला, "यंदा पाऊस मे महिन्यातच आला."

लोकांनी माना डोलावल्या.

"अन् लय दिवस राहिला."

भाषण संपलं होतं, पण ते त्याच्याखेरीज कुणाला कळलं नाही. तो उभाच राहिला. कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढे केला. श्रीपतींना वाटलं, याला चक्कर आली. प्रदीपला मात्र ती शांतता आपल्यामुळेच पडलीय असं वाटलं आणि ती त्याला सोसवेना. तो उठला, लग्न कशामुळे लांबलं ते सांगून टाकलं आणि डोळे पुसत खाली बसला. ते ऐकून गोरखला राहवलं नाही. त्याने पत्र्याच्या भिंतीचं काढलं, तसा मागच्या खांबापासून धाकटा भाऊ उठला आणि भिंत आधी कुणी घातली यावरून दोघांची जुंपली. कित्येक महिन्यांनी ते एकमेकांशी बोलत होते. त्यांना आवरायला कुणीच पुढे झालं नाही.

मग पुढे बसलेल्या हिरीमावशीने महिपतीलाच विचारलं, "तुजा स्वराज तिकडंच हाय न्हवं?"

महिपतीने माईकची वायर सरळ केली. मग तो म्हणाला, की लढाईत पोराचा फोन आला होता. अप्पा, हितं समदं ठीक हाय, असं म्हणत होता आणि त्याच्या मागं धोक्याचा भोंगा वाजत होता. "म्या घरात सांगितलं न्हाई," तो म्हणाला.

बायकांच्या बाजूने नंदाबाईचा आवाज आला, "मला बी फोन आलता. तवा बी भोंगा वाजत हुता."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

शेवटी श्रीपतींनी आभार मानले. संघात इतकं मोकळं भाषण आजवर झालं नव्हतं, असं म्हणत त्यांनी पुढच्या वर्षीही महिपतीलाच बोलवायचा ठराव टाळ्यांत मंजूर करून घेतला.

दोघं घराकडे निघाली. लोणावळ्याकडे नवं वर्ष साजरं करायला निघालेल्या गाड्या लांबवर हॉर्न वाजवत तुंबून राहिल्या होत्या. पुलाशी आल्यावर नंदाबाई थांबली.

"अवो, तुमी एवढं वाचता," ती म्हणाली. "खरं सांगा, थांबलीया का ती लढाई?"

इतक्या वर्षांत तिने पहिल्यांदाच त्याला जगाबद्दल काही विचारलं होतं. महिपतीने ऐटीत घसा खाकरला.

"मला न्हाई ठाऊक," तो म्हणाला.

"मग एवढं वाचता कशाला?"

त्यालाही ते ठाऊक नव्हतं.