खजिन्याचा दरवाजा

जुन्या दरवाज्यांच्या कामात माझा हात धरणारा सुतार आसपास कुणी नाही. हे मीच सांगतोय खरं, पण दुसरं कुणी सांगत नाही त्याला मी काय करू? बाजारामागे गोऱ्या साहेबाच्या काळातली खजिन्याची इमारत आहे, तिथे आता मेक्सिकन हॉटेल झालंय. दगडी कमानी घासूनपुसून लख्ख केल्यात आणि नाण्यांच्या पेट्या ठेवायची खोली घरगुती जेवणांसाठी राखलीये. तिचा सागवानी दरवाजा मी वर्षभर खपून पुन्हा उभा केला.

मुलीचं लग्न ठरायची वेळ आली तेव्हा मी हीच खोली सांगितली. त्या दोघांचं आपसांत जमलेलंच होतं, अडलं होतं मुलाच्या आईवडिलांपाशी. "आधी घरची माणसं बघू, मग काय ते सांगू," असा त्यांचा निरोप होता. आम्ही चौघांनी आधी बोलायचं, मुलांनी जेवायला यायचं, असं ठरलं.

"अहो, आज दाराबद्दल एक शब्द काढायचा नाही," बायकोने बजावलं.

मी काढलाही नाही. दगडी खलातली अव्होकाडोची चटणी आली, आणि होणारे व्याहीच म्हणाले, "दार भक्कम दिसतंय हो."

आता पाहुण्याने विचारल्यावर गप्प बसणं बरं दिसत नाही. मी उठलो, बाहेर कुलपात लटकणारी वीतभर किल्ली काढून त्यांच्या हातात दिली आणि म्हणालो, "लावून दाखवतो." बायकोने डोळे मिटून घेतले.

मी दार लोटलं, कुलूप आपोआप बसलं. खट्ट! काय आवाज होता!

"वा," व्याही म्हणाले. "आता उघडा."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की खजिना आतून उघडायची सोय कुणी करत नाही. मीही केली नव्हती. जुनं ते जसंच्या तसं, हा माझा बाणा. किल्ली आत, तिचं भोक बाहेर, आणि त्या कुलपाला दुसरी किल्लीच नाही.

"दाराखालून सरकवा ना," बाहेरून वेटर म्हणाला.

किल्ली अंगठ्याएवढी जाड. जाईना.

"फट फारच बारीक आहे, साहेब."

"बारीकच ठेवलीये मी," मी म्हणालो. सवयीने म्हणालो.

आचारी मात्र भला माणूस. पाहुणे उपाशी राहू नयेत म्हणून त्याने दाराखालून कागदावर ठेवून मक्याच्या पोळ्या सरकवायला सुरुवात केली. टाको म्हणजे पोळी दुमडून आत सारण. आमच्यापर्यंत पोळी पोचली, सारण बाहेर राहिलं. विहीणबाई चटणीशी एक एक तुकडा खात होत्या आणि माझ्याकडे बघत नव्हत्या.

तेवढ्यात बाहेरून मुलीचा आवाज आला. "बाबा, तुम्ही परत दार लावून दाखवलंत?"

"परत?" विहीणबाईंनी विचारलं.

"मागे न्हाणीघराचं झालं होतं," बायको म्हणाली. "मी शेजाऱ्यांच्या शिडीने उतरले."

बाहेर मुलगी नुसती नाक ओढत होती. ओरडली असती तर परवडलं असतं.

बायको माझ्याजवळ सरकली. "बिजागऱ्या कुठल्या बाजूला आहेत?"

"आतल्या."

"त्यांचे खिळे निघतात?"

"निघतात. पण पॉलिश—"

"पॉलिश?" ती म्हणाली. एवढंच.

खोटं कशाला बोलू, ते खिळे मला पहिल्यापासून दिसत होते. वर्षभराचं काम स्वतःच्या हाताने उखडायचं जिवावर आलं होतं. पण पोर बाहेर रडत होती. मी खलातला बत्ता पुसून घेतला. व्याह्यांनी कोट काढला आणि खिळ्याखाली काट्याचा दांडा धरला. मी ठोकत गेलो. पॉलिशचे पापुद्रे चटणीत पडत होते. शेवटचा खिळा निघाल्यावर आम्ही दोघांनी दार हिसडून आत ओढलं आणि भिंतीला टेकवलं. बाहेर मुलगी, तिचा तो, वेटर आणि सारणाचा टोप घेऊन आचारी उभे होते.

मग सगळे पोटभर जेवलो. शेवटी व्याह्यांनी हात पुसले आणि घसा खाकरला. "मुलगी आम्हाला पसंत आहे. फक्त एक अट आहे."

मुलीने बायकोचा हात धरला.

"आमच्या घरातल्या एकाही दाराला तुम्ही हात लावायचा नाही."

मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "मान्य."