शंभर टक्के आमचाच

शिरढोणच्या काशिरामची नोकरी गेली ती एका प्रामाणिक शेऱ्यामुळे.

बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका कंटेनर यार्डात तो अकरा वर्षं वजनकाटा सांभाळत होता. एका दुपारी ट्रक काट्यावर असताना मॅनेजर सत्यजीत साहेब फोनवर बोलत बोलत ट्रकशेजारी, काट्यावरच येऊन उभे राहिले. चिठ्ठी छापून झाली, साहेब उतरले, आणि आकडा एकशे दहा किलोंनी खाली आला. छापलेल्या चिठ्ठीत खाडाखोड करायची नाही असा नियम होता. म्हणून काशिरामने खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'यात सत्यजीत साहेब ११० किलो आहेत, ते वजा करावेत,' आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी ती चिठ्ठी यार्डातल्या प्रत्येक मोबाइलवर होती. तिसऱ्या दिवशी काशिराम घरी होता. तो विचारायला गेला तेव्हा कंपनीने हात झटकले. हा आमचा माणूसच नाही, ठेकेदाराचा आहे, असं त्याला सांगण्यात आलं. ठेकेदार तर दोन वर्षांपूर्वीच फोन बंद करून बसला होता.

पनवेलच्या लाइन आळीत कीर्ती मॅडम नावाच्या तरुण वकील होत्या. त्यांनी राज्याच्या कामगार न्यायालयात दावा लावला. पहिल्याच तारखेला कंपनीच्या वकिलाने उठून सांगितलं की यार्डाचं काम म्हणजे बंदराचं काम, आणि बंदर केंद्र सरकारचं, तेव्हा हा वाद इथे चालूच शकत नाही. तसं त्याने प्रतिज्ञापत्रही दिलं. यावर चार तारखा गेल्या आणि शेवटी दावा मुंबईला, केंद्राच्या न्यायाधिकरणाकडे न्यायचं ठरलं.

ठमाबाईला, म्हणजे काशिरामच्या बायकोला, हे काही पटेना. "अवो, नोकरी एक गेली. तिला सरकारं दोन कशाला?"

"तुला नाय कलायचं," काशिराम हलक्या आवाजात म्हणाला. "मी केंद्राचा का राज्याचा, त्याचा इचार चाललाय."

त्यालाही ते कळलेलं नव्हतं, पण त्या विचाराने त्याची छाती दडपून गेली होती. आपण काट्यावरच्या खोलीत स्टुलावर बसून डबा खाणारा माणूस, आणि आपल्यासाठी एवढी मोठी माणसं जाडजूड पुस्तकं उघडून भांडतात! तारखेला तो इस्त्रीचा शर्ट घालून जाई आणि न्यायालयात शिरताना चपला बाहेर काढून ठेवी. कीर्ती मॅडमनी दोनदा सांगूनही त्याने ते सोडलं नाही.

मुंबईला कंपनीने दुसरा वकील दिला. हा भारदस्त होता, आवाज असा की खिडकीची काच थरथरावी. त्याने सांगितलं की यार्ड खासगी आहे, बंदराच्या भिंतीबाहेर आहे, केंद्राचा इथे काय संबंध? हा वाद राज्याचा. आधीच्या वकिलाने काय लिहून दिलं होतं, हे त्याला कुणी सांगितलं नसावं. सत्यजीत साहेबांनी मात्र दोन्ही वेळच्या प्रतिज्ञापत्रांवर सह्या केल्या होत्या. पुढे आलेल्या कागदावर सही करायची, एवढीच त्यांची पद्धत.

न्यायाधीशांनी चष्मा वर केला. "कंपनीनेच आधी हे बंदराचं काम म्हटलं होतं ना?"

वकील क्षणभर अडखळला, मग दुप्पट जोराने म्हणाला की ती चूक होती, आणि नवं प्रतिज्ञापत्र वाचू लागला. "सदर इसम बंदराच्या कामावर कधीही नव्हता. तो अकरा वर्षं आमच्याच यार्डात, आमच्याच मॅनेजरच्या हाताखाली, आमच्याच वजनकाट्यावर नोकरीस होता."

कीर्ती मॅडमची पेन्सिल थांबली.

"म्हणजे हा माणूस तुमचा?" न्यायाधीशांनी विचारलं.

"शंभर टक्के आमचाच, साहेब."

काशिरामचे डोळे भरून आले. अकरा वर्षांत यार्डात त्याला कुणी आपलं म्हटलं नव्हतं, आणि आज मुंबईत, भरल्या न्यायालयात, एवढा मोठा माणूस ते ठासून सांगत होता. न्यायाधीशांनी ते वाक्य जसंच्या तसं हुकुमात घेतलं आणि हा वाद केंद्राचा नाही, राज्याकडे जावा, असा निकाल देऊन इथला दावा काढून टाकला.

"आपण हरलो, काका," बाहेर येताच कीर्ती मॅडम म्हणाल्या. "पण काय सुंदर हरलो!" आणि हुकुमाच्या नकलेचा अर्ज द्यायला त्या जवळजवळ पळत गेल्या.

पंधरा दिवसांनी, राज्याच्या न्यायालयात तारीख लागण्याआधीच, कंपनीचं पत्र आलं आणि काशिराम पुन्हा काट्यावर रुजू झाला. पण निकालाच्या दिवशी व्हरांड्यात त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो सरळ त्या भारदस्त वकिलापुढे गेला आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, तुमी बोललाव, तसा माज्यासाठी आजवर कोन नाय बोलला."

जिंकलेला माणूस उदार असतो. वकिलाने त्याच्या खांद्यावर थोपटलं. मग परत आलेल्या कीर्ती मॅडमना हसत विचारलं, "हरलेल्या हुकुमाची नक्कल कशाला काढताय?"

"ठेकेदाराचा म्हणून काढलेला माणूस कंपनीचाच होता, एवढंच आम्हाला सिद्ध करायचं होतं," त्या नम्रपणे म्हणाल्या. "ते तुम्ही केलंत, सर."

वकिलाने हातातलं प्रतिज्ञापत्र एकदा वाचलं, पुन्हा वाचलं आणि मग तो हळूच बाकावर बसला. एवढा मोठा खटला जिंकायचा म्हणजे अंगातली ताकद अशी जातच असणार, असं वाटून काशिरामने मोठ्या आदराने आपली पाण्याची बाटली त्याच्यापुढे धरली.